विनातारण ॲडव्हान्स

बँकेच्या भाषेत 'ॲडव्हान्स' या शब्दाचा अर्थ फार सरळ आहे. ॲडव्हान्स म्हणजे कर्ज. आपल्याजवळ जे नाही ते आज घ्यायचं आणि पुढे सावकाश फेडीन असं लिहून द्यायचं. त्यासाठी तारण लागतं, जामीनदार लागतात, पगाराचा दाखला लागतो आणि मॅनेजरसाहेबांचा मूड लागतो. वीस-बावीस वर्षं काउंटरमागे बसून मला एवढं तरी नक्की समजलं होतं. समुद्राखाली या शब्दाला दुसरा अर्थ आहे हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तिथे ॲडव्हान्स्ड म्हणजे पोचलेला, मुरलेला, पुढच्या यत्तेतला. त्यावर मी बराच विचार केला आणि माझं मत असं झालं आहे की, समुद्राखालीसुद्धा बँकेचाच अर्थ बरोबर आहे.

मी स्कूबा डायव्हिंगबद्दल बोलतोय. स्कूबा म्हणजे काय हे मराठी वाचकाला आता सांगायला नको. मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबाकडे त्याचा एक व्हिडिओ असतो आणि तो तुम्हाला चहा देण्यापूर्वी दाखवला जातो. त्यात घरातले कर्ते पुरुष पाण्याखाली तोंडात नळी धरून, डोळे बटाट्याएवढे करून, माशांना पाव खाऊ घालत असतात. आणि कॅमेरा समोर आला की अंगठा वर करतात. त्यांना म्हणायचं असतं 'मस्त!' पण डायव्हिंगच्या खुणांत अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. मस्त, ठीक, सगळं बरं आहे, असं सांगायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. म्हणजे अर्धा महाराष्ट्र पाण्याखाली हसऱ्या चेहऱ्यानं 'बाहेर काढा हो' असं ओरडतोय आणि मागे टाकी धरून उभा असलेला मालवणी पोरगा समजूतदारपणे दुर्लक्ष करतोय.

पण या हौशी डुबकीवर माझा राग नाही. तिथे तुमची मानगूट एका जाणत्या माणसाच्या हातात असते आणि तुम्ही फक्त श्वास घ्यायचा असतो, तोही सवयीनं येतोच. शंभरातल्या नव्वदांना तेवढंच हवं असतं. माझं भांडण त्याच्या पुढच्या दोन पायऱ्यांशी आहे, आणि त्यांतल्या दुसरीशी फार.

पहिली पायरी 'ओपन वॉटर'. जगभर गाजलेली जी संस्था आहे तिचं नाव पॅडी. (भाताचा संबंध नाही. ती अमेरिकेत 1966 साली स्थापन झाली आणि तिच्या नावाची आद्याक्षरं तशी जुळतात.) तिच्या या पहिल्या अभ्यासक्रमात पुस्तक वाचायचं, तलावात किंवा उथळ पाण्यात सराव करायचा आणि मग खऱ्या समुद्रात चार डुबक्या मारायच्या. चार झाल्या की कार्ड मिळतं आणि 18 मीटर खोल जायची परवानगी. साधारण तीन-चार दिवसांचं काम. ठीक आहे. कुठूनतरी सुरुवात करावीच लागते.

दुसरी पायरी 'ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर'. या अभ्यासक्रमात पाच डुबक्या. फक्त पाच. त्यातली एक खोल पाण्याची आणि एक होकायंत्र घेऊन दिशा शोधायची, या दोन सक्तीच्या. उरलेल्या तीन तुमच्या आवडीच्या. कुणी रात्रीची घेतो, कुणी बुडालेल्या जहाजाची, कुणी मासे ओळखण्याची. शेवटी लेखी परीक्षा नाही. दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत आटपतं. कार्ड मिळतं आणि 30 मीटरचं दार उघडतं. आणि गंमत म्हणजे या अभ्यासक्रमाला बसायला पूर्वानुभव किती लागतो? पहिलं कार्ड. बस्स. काल दुपारी चार वाजता मिळालं असलं तरी चालतं.

आता मी बी.कॉम. आहे, बेरीज करणारच. चार आणि पाच नऊ. आयुष्यात नऊ वेळा समुद्रात डोकं घातलेला माणूस 'ॲडव्हान्स्ड'! अहो, नऊ वेळा लाटून माणसाची पोळी गोल येत नाही. आमच्या शेजारची मुलगी सात वर्षं कथ्थक शिकते आहे आणि तिच्या बाई अजून म्हणतात, 'पाय आत्ता कुठे बोलायला लागलेत.' बँकेत कारकून लागला तरी सहा महिने प्रोबेशन असतं, ऑफिसरला दोन वर्षं. दोन वर्षं! तेवढ्या काळात तो जास्तीत जास्त एखादं व्हाउचर चुकीच्या खात्यात टाकेल. त्यानं कुणी गुदमरत नाही.

मी स्वतः पहिलं कार्ड अंदमानात घेतलं. मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेल बघायला. बँकेतला मराठी माणूस एलएफसी संपवायला जातो आणि सेल्युलर जेल बघून येतो. मीही तसाच गेलो होतो. स्वराज द्वीपवर, ज्याला 2018 पर्यंत हॅवलॉक म्हणत, माझ्या बायकोनं मला एका डायव्हिंग सेंटरच्या ओट्यावर बसवलं आणि 'चार दिवस माझ्या डोक्याशी कटकट नको' या उदात्त हेतूनं फी भरली. शिकवणारा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा होता, फार चांगला होता. माझ्या पोटाकडे बघून हसला नाही, यावरून त्याची पारख करावी. चौथ्या दिवशी त्यानं माझ्याशी हस्तांदोलन केलं, अभिनंदन केलं, आणि पुढचं वाक्य विचारलं ते असं: "सर, तुमची फ्लाइट कधी आहे?"

मला वाटलं आपुलकीनं विचारतोय. तर तो हिशोब करत होता. विमानात बसण्यापूर्वी अंगात मुरलेला नत्रवायू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. अनेक डुबक्या झाल्या असतील तर किमान 18 तास थांबावं असा सर्वमान्य दंडक आहे. ते 18 तास वजा केले तर माझ्या सुट्टीत बरोब्बर दोन दिवस उरत होते. "मग उद्या-परवा ॲडव्हान्स्ड होऊन जाईल, सर," तो म्हणाला. "परत कशाला खर्च करून याल?"

माझ्या बायकोनं उरलेल्या दोन दिवसांवर आधीच हक्क सांगितला होता, म्हणून विषय तिथेच संपला. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणजे या अभ्यासक्रमाचा वेग कुणी ठरवला? शिकवणाऱ्यानं नाही, शिकणाऱ्याच्या डोक्यानं नाही, समुद्रानं तर नाहीच नाही. विमानाच्या परतीच्या तिकिटानं! आमच्या लहानपणी गणिताचे मास्तर त्रैराशिक समजेपर्यंत वर्गाला पुढे जाऊ देत नसत. त्यांना जर कुणी सांगितलं असतं की, मुलांची एसटी पाच वाजता आहे, तेवढ्यात त्रैराशिक आणि चक्रवाढ व्याज उरका, तर त्यांनी खडू फेकून मारला असता.

आता कुणी म्हणेल, एवढं काय आहे तिथे 30 मीटरवर? अठरात आणि तिसात फरक तो काय, बारा मीटरचा. चार मजली इमारत. यावर मी खातं मांडून दाखवतो.

पाण्यात दर 10 मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो. म्हणजे काठावर एक, 10 मीटरवर दोन, 30 मीटरवर चार. दाब चौपट झाला की प्रत्येक श्वासाला हवाही चौपट खर्च होते. डायव्हरच्या पाठीवरची टाकी साधारण 11 लिटरची, आत 200 बार दाबानं भरलेली. गुणाकार केला तर 2200 लिटर हवा. ही झाली जमा. त्यातले 50 बार वर येताना हाताशी असावेत म्हणून बाजूला ठेवायचे, आमच्याकडे बचत खात्यात किमान शिल्लक ठेवतात तसे. ते 550 लिटर गेले. खर्चाला उरले 1650. शांत माणूस काठावर मिनिटाला समजा 20 लिटर हवा ओढतो. 30 मीटरवर झाले 80. म्हणजे त्याच्याजवळ वीस मिनिटं आहेत. पण शांत माणूस नऊ डुबक्यांनी होत नाही. नवखा माणूस धापा टाकतो. त्याचे 30 धरा. त्याचे झाले 120, आणि वेळ उरला चौदा मिनिटांहून कमी. त्यातच खाली उतरायचं, बघायचं, फोटो काढायचे, हरवलेला जोडीदार शोधायचा.

हवा पुरली तरी दुसरा हप्ता आहेच. पॅडीच्या छापील तक्त्याप्रमाणे 18 मीटरवर 56 मिनिटं राहून सरळ वर येता येतं. 30 मीटरवर ती मुदत 20 मिनिटांची. मुदत उलटली की वर येताना वाटेत मुक्काम करत यावं लागतं, नाहीतर रक्तात आणि सांध्यांत नत्रवायूचे बुडबुडे होतात. हे मुक्कामाचं शास्त्र हाल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1908 साली मांडलं आणि त्यासाठी त्यानं शेळ्यांवर प्रयोग केले. शेळ्यांचं मत कुणी विचारलं नाही. पण निदान त्यांना कुणी 'ॲडव्हान्स्ड शेळी' असं कार्ड देऊन समुद्रात सोडलं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत भयंकर वाटते. त्या खोलीवर नत्रवायू चढतो. अक्षरशः चढतो. कूस्तो नावाच्या ज्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं एमिल गान्यान या इंजिनियरबरोबर 1943 साली आजच्या श्वासयंत्राचा पूर्वज तयार केला, त्यानं याला खोलीची धुंदी असंच म्हटलं होतं. डायव्हर मंडळी गमतीनं म्हणतात, दर दहा-पंधरा मीटरला एक पेग. कुणाला कमी चढते, कुणाला जास्त. एकाच माणसाला आज चढते, उद्या चढत नाही. आणि चढली आहे हे, वरच्या पेगप्रमाणेच, ज्याला चढते त्याला कळत नाही.

म्हणजे बघा, ज्या जागी हवा चौपट वेगानं संपते आणि मुदत एक तृतीयांश होते, नेमक्या त्याच जागी हिशोबनीस थोडा झिंगलेला असतो. असल्या शाखेचं ऑडिट करायला मी तयार नाही.

खोल पाण्याच्या त्या एका सक्तीच्या डुबकीत ही धुंदी दाखवायचा एक कार्यक्रम काही ठिकाणी करतात. काठावर एक सोपी आकडेमोड घड्याळ लावून करायला देतात आणि तसलीच खाली गेल्यावर पाटीवर करायला लावतात. खाली वेळ जास्त लागतो, सगळे हसतात. कुणी अंडं फोडून दाखवतात, बलक गोळ्यासारखा तरंगतो. लाल रंगाचं कार्ड मळकट करडं दिसतं. छान आहे, जत्रेत बघायला शोभेल असं आहे. पण धुंदी येते हे दाखवणं वेगळं आणि धुंदी आल्यावर काय करायचं हे अंगात भिनवणं वेगळं. दारू वाईट हे कळायला एक पेग पुरतो. तेवढ्यावर ड्रायव्हिंग लायसन देत नाहीत.

अंगात भिनवणं म्हणजे काय, हे कॅशवर बसलेल्या माणसाला विचारा. मी नवीन लागलो तेव्हा मला नोटा मोजायला दिल्या. मोजणं दहा मिनिटांत शिकलो. पण पहिले दोन महिने मोजताना कुणी 'साहेब, पासबुक' म्हणालं की आकडा जायचा, पुन्हा पहिल्यापासून. मग कधीतरी, केव्हा ते मलाही कळलं नाही, बोटं स्वतंत्र झाली. आता माझं तोंड गिऱ्हाइकाशी भांडत असतं, डोळा घड्याळाकडे असतो, मन घरच्या गॅसच्या नंबरात असतं आणि बोटं आपली मोजत असतात. मध्येच फाटकी किंवा चिकटपट्टी लावलेली नोट आली की बोटंच थांबतात. मला ते कुणी शिकवलं नाही. ते हजारो वेळा करून आलं.

पाण्याखाली तेच लागतं. डोकं मंद झालं की उरतात ती फक्त बोटं. दर दोन मिनिटांनी मीटरकडे नजर जाणं, जाकिटात हवा किती सोडायची ते न बघता कळणं, मास्कमध्ये पाणी शिरलं तर न घाबरता बाहेर फुंकणं. यातलं काहीच अवघड नाही. दहा मिनिटांत शिकता येतं. फक्त ते बोटांत उतरायला वेळ लागतो, आणि बाकी काहीही विकत मिळेल, तो वेळ कोणत्याही सेंटरच्या दरपत्रकात नसतो. पाण्यात तोल सांभाळणं, वर न उडता, खाली न आपटता अधांतरी राहणं, ही तर सगळ्याची बाराखडी. आणि त्या पाच डुबक्यांत सक्ती कशाची? खोलीची. तोल सांभाळण्याची डुबकी असते, पण ऐच्छिक! म्हणजे बाराखडी ऐच्छिक आणि निबंध सक्तीचा.

आमच्या शाखेत एक प्रोबेशनरी ऑफिसर आहे. वय पंचवीस, हुशार, पोहण्यात पटाईत. हुद्द्यानं तो माझा साहेब, पण मला काका म्हणतो. मी चाळिशीत असल्यामुळे ते मला आवडत नाही, पण साहेबांना काय बोलणार. हा एका सुट्टीत सहा दिवसांत दोन्ही कार्डं घेऊन आला. आमच्या शाखेत पेढे वाटले. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, खाली लिहिलं 'आता ॲडव्हान्स्ड'. बँक त्याला दोन वर्षं कायम करत नाही आणि समुद्रानं सहा दिवसांत कायम केलं.

सहा महिन्यांनी तो मित्रांबरोबर दुसरीकडे डायव्हिंगला गेला. जागेचं नाव घेत नाही, कारण अशा जागा पुष्कळ आहेत. तिथे काउंटरवर विचारलं, "ॲडव्हान्स्ड कार्ड आहे?" आहे. "ठीक, मग खोलवरच्या पॉइंटला चला." किती डुबक्या झाल्यात, शेवटची कधी मारली, हे कुणी विचारलं नाही. जोडीदार म्हणून मिळाला एक सॉफ्टवेअरवाला. तोही ॲडव्हान्स्ड, त्याच्याही नऊच. वाटाड्या एक, गिऱ्हाइकं चार.

पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं, शाखा बंद झाल्यावर, कॅश टॅली करताना. "काका, 28 मीटरवर मला इतकं छान वाटत होतं ना, काय सांगू. सगळं निळं. मी मीटर बघितला. आकडा दिसला. 40. तो चाळीसचा आकडा मला स्वच्छ दिसत होता. पण त्याचा अर्थ काय ते आठवेना. चाळीस म्हणजे चांगलं की वाईट? मी त्यावर विचार करत बसलो. घाई वाटत नव्हती."

"आणि जोडीदार?"

"तो कासवाचा फोटो काढत होता."

वाटाड्याचं लक्ष गेलं. त्यानं याच्या तोंडात आपली जादा नळी दिली, दंडाला धरलं आणि हळूहळू वर आणलं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवलं. काही झालं नाही. पण सांगताना या मुलाच्या हातातल्या नोटांचं बंडल तीन वेळा चुकलं. नेहमी तो एकदाही चुकत नाही.

या अभ्यासक्रमाची बाजू घेणारे लोक मूर्ख नाहीत. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. ते म्हणतात, 'नवख्यानं कार्ड घेऊन एकट्यानं भटकण्यापेक्षा पुढच्या पाच डुबक्या शिक्षकाबरोबर मारल्या तर वाईट काय?' काहीच वाईट नाही. उलट फार चांगलं. पण मग त्या अभ्यासक्रमाचं नाव 'पुढच्या पाच डुबक्या' असं ठेवा. आम्हीसुद्धा आवर्त ठेवीला आवर्त ठेव म्हणतो, 'कुबेर योजना' म्हणायचा मोह आवरतो. (काही बँकांना आवरत नाही, ते सोडा.) नावाचा परिणाम होतो. ज्याच्या खिशात 'ॲडव्हान्स्ड' लिहिलेलं कार्ड आहे तो 'मला जमणार नाही' असं म्हणायला लाजतो, आणि काउंटरवरचा माणूस त्याला पुढचा प्रश्न विचारायचं विसरतो. दोघांचीही अक्कल त्या एका शब्दानं रजेवर जाते.

दुसरं म्हणणं असं की, पूर्वीचं शिक्षण लांबलचक होतं पण फार जाचक होतं. हेही खरं आहे. सुरुवातीच्या काळात हा सगळा मामला लष्करी थाटाचा होता. शिक्षक तलावात मागून येऊन मास्क ओढून काढायचे, हवेची तोटी बंद करायचे. टिकला तो पास. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही, माझा मास्क कुणी ओढला तर मी त्याच्यावर दावा लावीन. पण जाच कमी केला म्हणून वेळही कमी करायलाच हवा होता, हे कुणी सांगितलं? माझी तक्रार शिक्षण कडक नाही अशी नाही. घाई आहे, अशी आहे. दोन दिवसांत पाच नवे विषय, प्रत्येकाची एकच डुबकी, त्यातही रात्रीच्या डुबकीनंतर झोप अर्धवट आणि सकाळी सातला होडी. विद्यार्थी दमतो खूप, म्हणून त्याला वाटतं आपण शिकलो खूप. आमच्याकडे मार्चअखेरला असंच वाटतं.

तिसरं म्हणणं, 'लोकांना रजा नसते हो.' हे मात्र माझ्या वर्मी लागतं, कारण मलाही नसते. पण यावर उपाय घाई नव्हे. एसएसआय नावाची दुसरी एक मोठी संस्था आहे. तिच्याकडेही पाच डुबक्यांचा असाच चाखून बघायचा अभ्यासक्रम आहे, पण त्याचं नाव वेगळं आहे. 'ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर' ही पदवी तिथे चार वेगवेगळे विशेष अभ्यासक्रम आणि 24 डुबक्यांची नोंद झाल्याशिवाय मिळत नाही. चोवीसही फार नाहीत. पण नऊ आणि चोवीस यांत निदान काही फरक आहे हे कुणाच्यातरी लक्षात आलं, एवढ्यावर मी समाधानी आहे. बाकी शिडी वरपर्यंत अशीच आहे. पॅडीच्या नियमांत पहिलं कार्ड मिळून सहा महिने झाले आणि 100 डुबक्या भरल्या की माणूस शिक्षकाच्या परीक्षेला बसू शकतो. म्हणजे दिवाळीला पाण्याला घाबरणारा मनुष्य अक्षय्य तृतीयेला दुसऱ्याला पाण्यात उतरवायला उभा. या मार्गाला धंद्यातले लोकच 'झिरो टू हीरो' म्हणतात. मी म्हटलं असतं तर द्वेष वाटला असता.

प्रत्येक डायव्हरजवळ एक लॉगबुक असतं. तारीख, जागा, खोली, वेळ, सुरुवातीची हवा, उरलेली हवा, शेजारी सही-शिक्का. हुबेहूब पासबुक. माझी मागणी एवढीच आहे की, काउंटरवर कार्ड बघू नका, पासबुक बघा. काही चांगली सेंटरं बघतातही, आणि आधी एक उथळ डुबकी मारायला लावतात. तिथे गिऱ्हाईक चिडतं. चिडू द्या. आमच्याकडेही सही जुळत नाही म्हटलं की चिडतात. आणि पहिल्या कार्डानंतर दुसऱ्याच्या वर्गात बसायला मध्ये वीस साध्या डुबक्या लागतील, असा नियम करा. दहा-बारा मीटरवरच्या, काही न शिकवणाऱ्या, कंटाळवाण्या डुबक्या. फी कमी पडेल म्हणता? वीस डुबक्यांचे पैसे पाच डुबक्यांपेक्षा जास्तच होतात. एवढी बेरीज धंदेवाल्यांना येत नसेल तर मी शनिवारी मोकळा असतो.

खरोखरच असतो. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी. आमच्या शाखेपासून मालवण रात्रीच्या गाडीनं गाठता येतं. पावसाळा सोडला तर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि तो ॲडव्हान्स्ड साहेब, महिन्यातून एकदा तरी जातो. पाणी अंदमानसारखं नाही, कधी कधी आपलाच हात दिसत नाही. होडीवरचे लोक त्याचं कार्ड बघून त्याला आदरानं आधी उतरवतात आणि माझ्या पट्ट्यात एक वजन जास्त घालतात. माझ्या पासबुकात 31 नोंदी आहेत, त्याच्या 17, पण कार्डाप्रमाणे कच्चा मीच.

त्याचं आणि त्या खडकाचं आता पुरतं वाकडं आलं आहे. "काका, तोच खडक, तेच चार मासे. किती वेळा बघायचे?" असं प्रत्येक वेळी म्हणतो आणि प्रत्येक वेळी येतो. गेल्या खेपेला वर आल्यावर मी त्याचा मीटर बघितला. पूर्वी पन्नासला धापा टाकत वर यायचा. या वेळी तेवढाच वेळ राहून 90 उरले होते. मी विचारलं, खाली किती वेळा मीटर बघितलास? तर म्हणाला, "बघितला असेल की. लक्षात नाही."